बत्तीस हजार शब्द, आणि बोलावयास कोणी नाही

(येथील एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभात आम्ही केलेल्या भाषणाचा हा मजकूर. श्रोत्यांच्या आग्रहावरून तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.)



वाचनालयाच्या समारंभास बोलाविलेल्या पाहुण्याने ग्रंथांचे गोडवे गावेत असा संकेत आहे. आज आम्ही तो थोडासा मोडणार आहोत. आम्ही सांगणार आहोत ती गोष्ट एका ग्रंथाचीच आहे. परंतु त्या ग्रंथाची थोरवी जितकी तीत आहे, तितकीच त्याची असहायताही आहे. तो ग्रंथ म्हणजे एक शब्दकोश. त्यात बत्तीस हजारांच्या वर शब्द आहेत. आणि ज्या भाषेचे ते शब्द, ती आईच्या दुधाबरोबर शिकलेले माणूस आज पृथ्वीच्या पाठीवर एकही उरलेले नाही. भाषेचा प्रश्न म्हणजे काय, हे या गावातील श्रोत्यांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच ही दूरदेशीची हकीकत आपणांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहोत.

दक्षिण अमेरिकेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ते खंड खाली निमुळते होत जाते आणि शेवटी फुटलेल्या काचेसारखे शेकडो बेटांत विखुरते. १५२० साली मॅगेलनची गलबते तेथून गेली, तेव्हा किनाऱ्यावर जागोजाग पेटलेले विस्तव खलाशांस दिसले आणि त्या प्रदेशास नाव पडले टिएरा देल फुएगो, म्हणजे अग्निभूमी. या भूमीच्याही दक्षिण टोकास, बीगल सामुद्रधुनीपासून थेट केप हॉर्नपर्यंतच्या बेटांत, जे लोक हजारो वर्षे राहत आले ते स्वतःस यामाना म्हणत. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. जगाने त्यांस यागान हे दुसरे नाव दिले. तेही त्यांच्याच मुलखातील एका चिंचोळ्या सामुद्रधुनीच्या नावावरून एका परक्याने घडविलेले.

हे लोक खऱ्या अर्थाने दर्यावर्दी. त्यांचे घर म्हणजे झाडाच्या सालीची होडी. होडीच्या मधोमध माती-वाळूचा थर पसरून त्यावर विस्तव जपलेला असे. पुरुष पुढे भाला घेऊन सीलची वाट पाहत बसे, वल्हे स्त्रीच्या हाती असे, आणि मुले विस्तव सांभाळीत. त्या बर्फाळ पाण्यात पोहणेही स्त्रियांचेच काम. पुरुष व मुले किनाऱ्यावर उतरली की गृहिणी होडी आत नेऊन लांबलचक समुद्रशेवाळाच्या जाळीस बांधून टाकी आणि पोहत परत येई. शिंपले गोळा करण्यासाठी बुडी मारणारीही तीच. असे ज्यांचे जिणे, त्यांची भाषा कशी असेल?

हा प्रश्न युरोपच्या एका थोर शास्त्रज्ञासही पडावयास हवा होता. १८३२ च्या डिसेंबरात चार्ल्स डार्विन बीगल नावाच्या जहाजावरून अग्निभूमीच्या पूर्व टोकास पोहोचला. तेथे भेटलेल्या लोकांच्या बोलण्यास धड भाषा म्हणणेही कठीण, असा अभिप्राय त्याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदविला आणि घसा खाकरण्याची उपमा तेथे उद्धृत केली. ते लोक यामानांच्या शेजारच्या जमातीचे होते. परंतु तो शेरा पुढे साऱ्याच अग्निभूमीवासीयांस चिकटला. मौज अशी की, हेच लोक आमची इंग्रजी वाक्ये एकदा ऐकून जशीच्या तशी म्हणून दाखवितात, आणि आम्हांस मात्र परक्या भाषेतील शब्द नुसते निराळे ओळखणेही जड जाते, अशी कबुली त्याच डार्विनने त्याच ग्रंथात दिलेली आहे. म्हणजे उणीव कानात होती आणि खापर फुटले ते जिभेवर!

आणि त्या जहाजावर तर एक यामाना तरुण प्रत्यक्ष होता. ओरुंदेलिको हे त्याचे नाव. १८३० साली कप्तान फिट्झरॉय याने ज्या चार अग्निभूमीवासीयांस इंग्लंडात नेले, त्यांपैकी तो एक. त्याच्या मोबदल्यात शिंपल्याचे एक बटण दिले गेले, म्हणून गोऱ्यांनी त्याचे नाव ठेवले जेमी बटन. चौघांपैकी एक इंग्लंडात देवीच्या रोगाने मेला. उरलेल्या तिघांस १८३३ च्या आरंभी परत आणून सोडण्यात आले. त्यांस इंग्रजी शिकविण्याचा खटाटोप मोठा झाला. परंतु त्यांची भाषा शिकून घ्यावी, ही बुद्धी त्या वेळी फारशी कोणास झाली नाही. ज्याचे नावच एका बटणात मोडले, त्याच्या शब्दांची किंमत कोण करणार? जी भाषा आपणांस कळत नाही ती हीन, असे म्हणणे म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. इतक्या मोठ्या पुरुषाकडून ही चूक घडू शकते, तर लहानसहान अधिकाऱ्यांच्या तोंडून ती नित्य घडते यात नवल ते काय?

ही चूक सुधारली ती एका पोरक्या मुलाने. टॉमस ब्रिजेस हे त्याचे नाव. पुलाजवळ सापडलेले बेवारशी पोर म्हणून हे आडनाव पडले, असे सांगतात. एका इंग्रज पाद्र्याने त्यास पदरात घेतले आणि १८५६ साली फॉकलंड बेटांपैकी केपेल नावाच्या बेटावरील मिशनच्या ठाण्यात आणले. मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. त्या ठाण्यावर यामाना कुटुंबे आणून ठेवीत असत. त्यांच्यात वावरता वावरता या मुलाने ती भाषा उचलली. १८५९ साली वुलाया येथे मिशनच्या लोकांची कत्तल झाली, पाद्री निराश होऊन मायदेशी परतला. हा तरुण मात्र मागेच राहिला. त्याच्या सोबतीस ओकोक्को नावाचा यामाना गृहस्थ आणि त्याची पत्नी होती. हीच दोघे त्याचे गुरू. कोशकार म्हणून जगाने ब्रिजेसचे नाव लक्षात ठेविले. परंतु शब्द देणारा जो ओकोक्को, तो किती जणांस ठाऊक आहे? हा अन्याय आम्ही येथेच नोंदवून ठेवितो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१८७१ साली ब्रिजेस सहकुटुंब उशुआइया येथे जाऊन राहिला. हे गावाचे नावही यामाना भाषेतलेच. त्यातील वाया म्हणजे उपसागर. आज तेथे अर्जेंटिनाचे मोठे शहर आहे. ज्यांनी नाव दिले ते लोक गेले, आणि नाव मात्र विमानतळाच्या पाटीवर राहिले! ब्रिजेस शब्द टिपीत गेला. रोमन लिपी त्या ध्वनींस पुरेना, म्हणून एलिस नामक इंग्रज पंडिताची उच्चारानुसारी लिपी घेऊन ती त्याने आपल्या गरजेप्रमाणे बदलली. १८८१ साली लूकचे शुभवर्तमान यामाना भाषेत छापून निघाले. आणि कोश फुगत फुगत बत्तीस हजारांपलीकडे गेला.

तेव्हा जगास कळले की ही घसा खाकरणारी भाषा आहे तरी कशी. ब्रिजेसचा मुलगा ल्यूकस याने १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत तिचे वर्णन केले आहे. बर्फासाठी तीत निदान पाच शब्द होते. समुद्रकिनाऱ्यासाठी त्याहूनही अधिक. कारण बोलणाराच्या मानाने तो किनारा कोठे आहे, त्याचे तोंड कोणत्या दिशेस आहे, मध्ये पाणी आहे की जमीन, यांवर शब्द ठरे. होडीत बसून बोलताना एक शब्द, तर तीच वस्तू जमिनीवरून दाखविताना दुसरा! नात्यागोत्यांच्या शब्दांची तर रेलचेल. एखादी क्रिया बसून चालली आहे, उभ्याने की पडून, हे सांगण्याची सोय क्रियापदांतच. श्रोतेहो, ज्या माणसाचे प्राण वाऱ्याच्या दिशेवर आणि किनाऱ्याच्या वळणावर अवलंबून, त्याची भाषा या गोष्टींत काटेकोर नसेल तर दुसऱ्या कोणाची असणार? आमच्या शेतकऱ्याजवळ पावसाला किती शब्द आहेत ते शहरातल्या माणसाने एकदा मोजून पाहावे, म्हणजे या म्हणण्याचे मर्म कळेल.

परंतु कोश वाढत होता त्याच वर्षांत माणसे कमी होत होती. सीलची शिकार करणारी परकी जहाजे त्यांचे अन्नच लुटून नेत होती. १८८४ साली अर्जेंटिनाचे आरमार उशुआइयास आले, निशाण लागले, आणि पाठोपाठ गोवराची साथ आली. हा रोग त्या लोकांस नवा. अंगी प्रतिकाराची शक्ती नाही. त्या सुमारास ब्रिजेसच्या गणनेप्रमाणे यामाना लोक सुमारे एक हजार होते. दोनच वर्षांनी ते चारशेच्या घरात आले. त्यापूर्वीच्या अर्ध्या शतकात त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास असावी, असा अंदाज केला जातो. शब्द बत्तीस हजार आणि माणसे चारशे! प्रत्येक माणसाच्या वाट्यास ऐंशी शब्द! असा हिशेब जगाच्या इतिहासात फार थोड्या भाषांच्या नशिबी आला असेल.

१८९८ साली ब्रिजेस वारला. आता त्या हस्तलिखिताची गत ऐका. बेल्जिका नावाच्या जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडे निघालेला फ्रेडरिक कुक हा अमेरिकन डॉक्टर वाटेत ब्रिजेसला भेटला होता. परतीच्या वाटेवर, ब्रिजेसच्या मृत्यूनंतर, प्रसिद्धीची व्यवस्था करतो असे सांगून त्याने ते हस्तलिखित कुटुंबाकडून नेले. काही वर्षांनी ते बेल्जियममध्ये छपाईस निघाले, आणि ग्रंथकर्ता म्हणून नाव कोणाचे, तर कुकसाहेबांचे! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. उत्तर ध्रुव प्रथम आपणच गाठला असे सांगणारे आणि त्यावरून जगभर वादाचा विषय झालेले गृहस्थ ते हेच. ब्रिजेसच्या मुलांनी धाव घेऊन हा डाव उधळला. इतक्यात पहिले महायुद्ध पेटले आणि ग्रंथ पुन्हा अडकला. अखेर हेस्टरमान आणि गुसिंडे या दोघा विद्वानांच्या खटपटीने १९३३ साली ऑस्ट्रियातील मोडलिंग या गावी तो छापून निघाला. प्रती किती? तीनशे! दुसऱ्या महायुद्धात मूळ हस्तलिखित पुन्हा बेपत्ता झाले. युद्धानंतर ते जर्मनीत एका शेतघरात सापडले आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुरक्षित ठेवण्यात आले.

सुरक्षित! हा शब्द आम्ही मुद्दाम उच्चारला. ज्यांची भाषा त्यांच्यापासून हजारो मैलांवर, इंग्रजी अर्थांसह, कुलपात सुरक्षित. त्या तीनशे प्रतींपैकी किती प्रती एखाद्या यामाना आईच्या झोपडीत पोहोचल्या असतील? आणि पोहोचल्या असत्या तरी त्या चमत्कारिक लिपीतून तिने काय वाचले असते?

आता दुसऱ्या बाजूची कथा ऐका. २४ मे १९२८ रोजी चिलीच्या नवारिनो बेटावर एक मुलगी जन्मली. क्रिस्तिना काल्देरोन हे तिचे नाव. कोश छापला गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि त्या कोशातली भाषा अंगणात बोलत होती. स्पॅनिश तिला नवव्या वर्षांपर्यंत येत नव्हती. पुढे त्याच बेटावर आरमाराचे ठाणे झाले, त्याचे गाव वाढले, आणि यामाना कुटुंबांस त्या गावाशेजारी उकिका नावाच्या वस्तीत आणून वसविले गेले. शाळा स्पॅनिश, दुकान स्पॅनिश, चाकरी स्पॅनिश. घरची भाषा बोलले की हसू होते, हे मुलांस लवकर कळते. त्यांनी ती बोलणे सोडले. त्यांस दोष कोणी द्यावा? मूल नेहमी विजयी भाषेकडे धावते. त्याला मागे ओढून धरण्याइतके मानाचे स्थान घरच्या भाषेला मिळवून देणे हे वडीलधाऱ्यांचे काम, आणि वडीलधारी तर पोटामागे लागलेली.

२००३ साली क्रिस्तिनाबाईंची बहीण उर्सुला वारली. २००५ साली त्यांची भावजय एमेलिंदा गेली. त्यानंतर जन्मभाषा म्हणून ती बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या. जगभरचे पत्रकार येऊ लागले, छायाचित्रे निघाली. २००९ साली चिली सरकारने त्यांस जिवंत मानवी ठेवा म्हणून गौरविले. गौरवात काही वावगे नाही. परंतु क्षणभर कल्पना करा: तुम्हांस मानपत्र मिळाले आहे, घरी पाहुण्यांची रीघ आहे, आणि सकाळी उठून आपल्या भाषेत ‘आज वारा वाढला’ असे म्हणावे, तर ‘हो ना’ म्हणणारे कोणी नाही! भाषा ही दोघांत असते. एकट्याजवळ उरते ती आठवण. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी क्रिस्तिनाबाई निवर्तल्या. त्यांचे वय तेव्हा त्र्याण्णव होते.

तर मग, कोणी विचारील, ब्रिजेसचे सारे श्रम वायाच गेले काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: मुळीच नाही. डार्विनच्या शेऱ्यास उत्तर म्हणून तो एकच ग्रंथ पुरेसा आहे. साक्षीदार मेला तरी त्याची जबानी न्यायालयात उभी राहते, तसा तो उभा आहे. परंतु जबानी म्हणजे जीव नव्हे, हे कोशाच्या भक्तांनी विसरू नये. आमच्या मराठीचेच उदाहरण घ्या. मोल्सवर्थ या इंग्रजाने शास्त्रीपंडितांच्या साह्याने मराठीचा मोठा कोश रचला. तो १८३१ साली निघाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात साठ हजार शब्द होते. त्याचे ऋण आम्ही मानतो. तरीही मराठी टिकली ती मोल्सवर्थमुळे खचित नव्हे. जात्यावर बसलेल्या बाईने, पाटी हाती दिलेल्या पंतोजीने, बाजारात भाव करणाऱ्या माणसाने ती टिकविली. दोन भाषा, दोन परदेशी कोशकार, दोन थोर कोश. फरक पडला तो बोलणाऱ्या माणसांच्या नशिबात.

क्रिस्तिनाबाईंच्या घरात मात्र एक नवी गोष्ट घडली, आणि आमच्या मते तीच या साऱ्या कथेतील मोलाची. त्यांच्या नातीने, क्रिस्तिना सारागा हिने, आजी आणि आजीची बहीण यांच्या तोंडून कथा उतरवून घेतल्या आणि २००५ साली त्यांचे पुस्तक निघाले. पुढे २०१० साली तिने लहानसा सचित्र कोश काढला. त्याबरोबर ध्वनिमुद्रणही होते, म्हणजे शब्द डोळ्याने वाचावा आणि कानाने आजीचा उच्चार ऐकावा. ब्रिजेसच्या कोशापुढे आकाराने हा कोश चिमुकला. परंतु ब्रिजेसचा कोश यामानांविषयी जगाला सांगण्यासाठी छापला गेला, हा यामाना मुलांसाठी निघाला. येथे सांगणाऱ्या आजीचे नाव पुसले गेले नाही. येथे शब्द घरातून निघाले आणि घरीच परतले.

आणि ‘शेवटची’ या विशेषणाविषयीही दोन शब्द. वृत्तपत्रांस ते फार प्रिय. ते लिहिताच वाचकास वाटते, ते लोकच संपले. चिलीच्या २००२ च्या जनगणनेत १,६८५ जणांनी स्वतःस यागान म्हणवून घेतले होते. २०२१ साली क्रिस्तिनाबाईंची मुलगी लिदिया गोन्सालेस चिलीच्या घटना परिषदेवर आपल्या लोकांची प्रतिनिधी म्हणून निवडून गेली. जे लोक सभागृहात बसून आपला हक्क मागतात त्यांस नामशेष कसे म्हणावे? भाषा मुकी झाली तरी माणसे मुकी झालेली नसतात, आणि माणसे मुकी नसली तर भाषेस परत येण्याची वाट राहते. त्या वाटेवरची शिदोरी म्हणजे ब्रिजेसचा कोश आणि आजीचा आवाज.

हे सारे दूरचे, असे कोणास वाटत असेल तर आपल्याच देशात पाहा. अंदमानच्या बेटांत ग्रेट अंदमानी लोकांच्या दहा बोली होत्या. त्यांपैकी बो ही बोली जाणणारी अखेरची स्त्री, बोआ सीनियर, जानेवारी २०१० मध्ये पोर्ट ब्लेअर येथे वारली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अन्विता अब्बी या विदुषींनी तिच्यासारख्या मोजक्या वृद्धांजवळ बसून ती भाषा टिपली, म्हणून तिच्या खुणा तरी राहिल्या. २००४ ची सुनामी पाहिलेल्या त्या वृद्धेशी तिच्या बोलीत बोलणारे कोणी नव्हते. ती पाखरांशी बोलत असे, असे अब्बी यांनी सांगितले आहे. बीगल सामुद्रधुनी आणि अंदमानचा समुद्र यांमध्ये अर्धी पृथ्वी आहे. दोन्हीकडे एकाकीपण मात्र एकच.

म्हणून आम्ही सांगतो की भाषेची नोंद करावयाची तर ती वेळेवर करा. वरातीमागून घोडे नाचवून काय उपयोग? बोलणारी मुले अंगणात असतात तेव्हा नोंद करणाराची गरज कोणास वाटत नाही, आणि गरज वाटू लागते तेव्हा अंगण रिकामे असते. नोंद करा ती सांगणाराच्या नावानिशी करा. ओकोक्कोवर झालेला अन्याय दुसऱ्या कोणावर होऊ नये. आणि त्या नोंदीची पहिली प्रत ज्यांची भाषा त्यांच्या वस्तीत ठेवा, दुसरी खुशाल लंडनला जाऊ द्या.

हे काम पंडितांचेच आहे असे समजून आपण उठून जाऊ नका. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात आहे. ब्रिजेसला ते मिळते तर त्याने हर्षाने अश्रू ढाळले असते. आपल्या गावातील कोष्ट्याच्या मागाच्या भागांना काय म्हणतात? भाताच्या जुन्या जातींची नावे कोणती? कुंभाराच्या, सुताराच्या, नावाड्याच्या तोंडी असे कोणते शब्द आहेत जे अद्याप एकाही पुस्तकात नाहीत? मराठीस उद्या मरण नाही. परंतु मोठी भाषा जिवंत असतानाही तिच्या आतल्या बोली आणि कसबी माणसांचे शब्द मुकाट्याने मरत असतात. आपल्या शेजारच्या घरात एखादी बोली बोलली जात असेल, मग ती कोणाचीही असो, तर तिची थट्टा तरी आपल्या मुलांकडून होणार नाही एवढे पाहा. दुसऱ्याच्या भाषेस हसणाराने स्वतःच्या भाषेसाठी न्याय कोणत्या तोंडाने मागावा?

या वाचनालयाने एक वही घालावी, एवढीच आमची विनंती आहे. त्या वहीत दर आठवड्यास एका वृद्ध माणसाचे पाच शब्द, त्याच्या नावासह, लिहिले जावेत. बत्तीस हजारांचा हिशेब पुढचे लोक करतील. परंतु आज सभा संपल्यावर घरी जाल तेव्हा आजीजवळ थोडा वेळ बसा, आणि ती जे बोलेल त्यास तिच्याच भाषेत उत्तर द्या. क्रिस्तिनाबाईंस अखेरच्या सतरा वर्षांत जे मिळाले नाही, ते एवढेच होते.